डेस्मंडच्या आधीचा हॅरोल्ड

यॉर्कमधल्या आमच्या ‘लंगडा बगळा’ या पबाला तीनशे वर्षं झाली, तेव्हा मालक डेस्मंड पिकर्सगिलनं आजवरच्या सगळ्या मालकांचा इतिहास लिहून भिंतीवर लावायचं मनावर घेतलं. पहिला मालक फावल्या वेळात कबरी खणायचा. तिसरा पुरात पिंपं वाचवायला तळघरात उतरला तो वर आलाच नाही. गिऱ्हाइकांनी दोन दिवस वाट पाहिली, मग ती समोरच्या पबात गेली. या मंडळींबद्दल डेस्मंडच्या मनात काडीचा आकस नव्हता. एकूणच मेलेली माणसं त्याला आवडत. एक सोडून.

तो एक म्हणजे हॅरोल्ड, डेस्मंडच्या आधीचा मालक. त्याला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी आम्ही नेहमीची गिऱ्हाइकं घरी ‘जरा हॅरोल्डकडे जाऊन येतो’ असंच सांगत होतो. डेस्मंड दर सोमवारी बिअरच्या नळ्या धुवायचा, ग्लास घासून लख्ख करायचा. आमच्यातला क्लिफर्ड पहिला घोट घेऊन सुस्कारा सोडायचा. “चांगली आहे रे. पण हॅरोल्डची बिअर...” वाक्य तो कधीच पुरं करत नसे. केलं असतं तर डेस्मंडला निदान भांडता तरी आलं असतं.

एकदा तरी कुणी ‘तुझी बिअर त्याच्यापेक्षा बरी’ म्हणावं, एवढंच डेस्मंडचं मागणं होतं. इतिहासाच्या निमित्तानं तो हॅरोल्डच्या वेळी पबात कामाला असलेल्या म्हाताऱ्या म्युरिएलला भेटून आला, तो घरात लग्न ठरल्यासारखा चेहरा घेऊन. रविवारी भरदुपारी त्यानं पबातली घंटा बडवली.

“ऐका रे सगळे! तुमचे उष्टे ग्लास पुन्हा भरताना सांडलेली बिअर खालच्या थाळीत साठते ना, ती तुमचा हॅरोल्ड रोज पिंपात परत ओतायचा! एकवीस वर्षं! एकमेकांचं उष्टं प्यायलात तुम्ही!”



“अगं बाई,” कोपऱ्यातल्या टेबलावरची ईडिथ हळूच म्हणाली, “म्हणजे माझंसुद्धा?” आणि बऱ्यापैकी लाजली.

“तरीच!” क्लिफर्डनं टेबलावर थाप मारली. “तरीच ती चव होती! मग तू का नाही ओतत?”

“घाण आहे म्हणून!”

“आधी सांगायचंस ना, बाबा. आम्ही चौदा वर्षं समजत होतो, तुला जमतच नाही.”

डेस्मंड लालेलाल झाला. त्यानं थाळी ओढली, ग्लासात उपडी केली, वर ताजी बिअर भरली आणि ग्लास क्लिफर्डपुढे आदळला. “घे! हीच ना? पी!”

क्लिफर्डनं डोळे मिटून अर्धा ग्लास संपवला. डेस्मंड इतका पुढे वाकला, की त्याचा टाय सांडलेल्या बिअरमध्ये भिजला.

“जमलंय,” क्लिफर्ड म्हणाला. “बरंच जमलंय. पण हॅरोल्डच्या हाताची सर नाही.”

आता डेस्मंड ग्लास फेकणार, म्हणून मी खुर्ची मागे घेतली. पण डेस्मंडनं तो उचलून वास घेतला, स्वतः एक घोट घेतला आणि डॉक्टरला विचारावं तसं दबक्या आवाजात विचारलं,

“खरं सांग, काय कमी पडतंय?”