पानगळीची वही

सुईच्या नेढ्यातून दोरा चौथ्यांदा निसटला, तेव्हा सोमलिंगअप्पांनी सुई मेजावर ठेवून दिली आणि ते दुकानाच्या दारातून रस्त्याकडे बघत बसले. समोर अर्धवट शिवलेली वही पडली होती. पानांच्या दोन घड्या एकमेकींना शिवून झाल्या होत्या आणि दोन्ही सैल होत्या. उचलली की पानं डोलायची. धारूरच्या बाजारात चाळीस वर्षं बाइंडिंगचं दुकान चालवलेल्या माणसाला ते बघवत नव्हतं.

वही मुलीसाठी होती. स्वप्ना पुण्यात एका शाळेत शिकवायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. गोळ्या घेतल्या का, जेवलात का, बरं ठेवते. अप्पांची बायको शिवम्मा गेल्यापासून चार वर्षं हेच चाललं होतं. गेल्या रविवारी मात्र ती पाऊण तास बोलली. शाळेत ऋतूंचं प्रदर्शन होतं, तिच्या वर्गाच्या वाट्याला पानगळ आली होती आणि त्यात मांडायला तिला हातानं बनवलेली वही हवी होती.

“आभाराची वही, अप्पा. मुलांनी रोज एक ओळ लिहायची, आज कोणाचे आभार मानावेसे वाटले ते. बाकीच्या बाई बाजारातून आणणार आहेत. मी मात्र सांगून टाकलं, माझे वडील बाइंडर आहेत.”

“सांगून टाकलंस?” अप्पांनी विचारलं.

“हो मग! आणि पहिल्या पानावर नमुना म्हणून तुम्हीच काहीतरी लिहा. तुमचं अक्षर छान आहे.”

फोन ठेवल्यावरही अप्पा बराच वेळ तसेच उभे होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते पिशवी घेऊन किल्ल्याच्या वाटेला गेले. माघ सरत आला होता. सीताफळीच्या झुडपांखाली पिवळ्या पानांचा थर होता, धावड्याची पानं तांबूस होऊन गळली होती. वाकून वाकून त्यांनी चांगली पानं निवडली, तीन दिवस जुन्या रजिस्टरांत दाबून वाळवली. मग खळ शिजवली, किडा लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकलं आणि पुठ्ठ्यावर एकेक पान असं बसवलं, की वाऱ्यानंच आणून टाकलंय म्हणावं. पुठ्ठा देखणा झाला. आत मात्र शिलाई हवी होती, आणि शिलाई अप्पांना कधीच येत नव्हती.

शिलाई चंद्रभागाबाई करायच्या. तेवीस वर्षं. घाटाखालच्या वस्तीवरून त्या सकाळी जीपनं यायच्या, दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यावर बसायच्या आणि दिवे लागायच्या आत परत जायच्या. कचेऱ्यांची रजिस्टरं, शाळांचे हजेरीपट, मठातल्या पोथ्या, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. एकदा कचेरीतले साहेब रजिस्टर दोन्ही हातांनी ताणून म्हणाले होते, “शिलाई काय आहे हो अप्पा!” अप्पा हसून म्हणाले होते, “हाताला सवय झाली, साहेब.” मागच्या खोलीच्या दाराला पडदा होता. आत ऐकू जात असणार.

पुढे कचेऱ्यांत संगणक आले, रजिस्टरं बंद झाली. सात वर्षांपूर्वी एका दुपारी अप्पा पडद्यापाशी जाऊन म्हणाले, “चंद्रभागाबाई, उद्यापासून येऊ नका.” बाईंनी हातातली घडी शिवून पुरी केली, पोतं घडी घालून कोपऱ्यात ठेवलं आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर अप्पा त्यांच्या वस्तीकडे कधी फिरकले नव्हते.

आज अप्पांनी वही, सुई, दोरा आणि मेणाचा तुकडा पिशवीत घातला, दुकानाला कुलूप लावलं आणि घाट उतरणारी जीप धरली.

चंद्रभागाबाई घरापुढच्या बाभळीखाली लोकर कातत बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. पावलांचा आवाज आला तशी त्यांनी मान वर केली, पण नजर अप्पांच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

“कोन हाय?”

“मी... सोमलिंग. बाइंडिंगवाला.”

टकळी थांबली. “अगं बया, अप्पा! कावून आलात इतक्या लांब? बसा, त्या बाजंवर बसा. पोरगा-सून शेळ्या घिऊन गेलेत. मला आता लई दिसत न्हाई, आवाजावर वळखते.”

अप्पांना वाटलं, आल्या पावली परत जावं. मांडीवरची पिशवी चाचपत त्यांनी स्वप्नाच्या वहीचं कसंबसं सांगितलं. “तुम्हाला दिसत नाही, तर राहू द्या,” शेवटी ते म्हणाले.

“शिवायला डोळे कशाला लागतेत? आना हिकडं.”

त्यांनी वही हातात घेतली, पाठीवरून बोट फिरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हे भोकं कुनी पाडलेत?”

“मीच.”

“म्हनूनच. चाळीस वर्सं दुकान चालीवलं, अन् भोकं अशी वाकडीतिकडी.”

अप्पा हसले. किती दिवसांनी हसले, त्यांनाच आठवेना. चंद्रभागाबाईंनी त्यांची शिलाई सर्रकन उसवली. सुई तेवढी ओवून द्या म्हणाल्या, तर दोन प्रयत्नांत ओवली गेली. दोऱ्याला मेण चोळून त्या शिवायला लागल्या. डावा अंगठा घडीच्या आत, उजव्या हातात सुई, आणि दर टाक्याला दोरा ताणताना होणारा तो बारीक आवाज. हाच आवाज तेवीस वर्षं पडद्याआडून येत होता. अप्पांनी तो आज पहिल्यांदा समोर बसून ऐकला.

“ह्या वहीत काय लिवायचं म्हनता?” त्यांनी विचारलं.

“आभार. ज्याचे मानावेसे वाटतील त्याचे.”

“अन् लिवून कावून ठिवायचे?”

“विसरू नये म्हणून असेल. शहरात तशी पद्धत आहे.”

शेवटची घडी शिवून त्यांनी गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. “मंग माजं एक लिवा. मला लिवता येत न्हाई. इतक्या वह्या शिवल्या, एकीतबी माजं काई न्हाई.”

अप्पांनी पेन काढलं आणि वहीचं पहिलं पान उघडलं. “सांगा.”

“काळ्या शेळीनं दोन करडं दिली. दोनी जित्ती हायेत. लिवलं?”

“लिहिलं.”

“शेजारची सायली रोज माज्या डोळ्यांत औषद घालती. न सांगता येती. लिवलं?”

“हो.”

“अन्...” त्यांनी टकळी पुन्हा हातात घेतली. “अप्पांनी उद्यापासून येऊ नका म्हनलं, ते दुपारीच म्हनलं. सांजच्याला म्हनलं असतं, तर भरल्या जीपमधी वस्तीचे समदे असते. दुपारची जीप रिकामी व्हती. घाट उतरंस्तोवर रडता आलं. घरी पोचले तवा तोंड कोरडं व्हतं, कुनाला काई कळलं न्हाई. त्याचे आभार.”

पेन थांबलं.

“लिवलं का, अप्पा?”

“लिहितो,” अप्पा म्हणाले. आणि त्यांनी ते सगळं, शब्दाला शब्द, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. त्या टोमणा मारत नव्हत्या. तसं असतं तर बरं झालं असतं. करडांबद्दल बोलल्या, त्याच आवाजात त्या हेही बोलल्या होत्या.

“चंद्रभागाबाई,” वही मिटून ते म्हणाले, “लोक शिलाईचं नाव काढायचे. मी कोणाला सांगितलं नाही, ती तुमची आहे म्हणून.”

“म्हाईत हाय. पडदाच व्हता, भिंत न्हवती.” टकळी गरगरली. “एखादी वही सुटून आली का म्हागारी?”

“एकही नाही.”

“मंग झालं की.”

अप्पांना आणखी बोलायचं होतं. कधी दुकानाकडे या, असं ते म्हणाले. “तिथं काय काम हाय आता?” त्यांनी साधेपणानं विचारलं. नुसतं बसायला या, असं तोंडाशी आलं होतं, पण तेवढ्यात शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या आणि बाई पाण्याचं बघायला उठल्या.

दुकानात परत आल्यावर त्यांनी वहीला पुठ्ठा चढवला आणि रविवार नसतानाही स्वप्नाला फोन लावला. पहिलं पान वाचून दाखवलं.

“अप्पा, छान आहे. पण हे मुलांपुढे कसं ठेवू? प्रसन्न काहीतरी हवं होतं. ते पान काढता नाही का येणार?”

“येतं की. पण घडीत पानं जोडीनं असतात. एक काढलं, की त्याच्या जोडीचं सुटून येतं.”

“मग दुसरी वही?”

“ती शिवायला पुन्हा घाटाखाली...”

“जाऊ द्या, नका त्रास घेऊ. मी इथंच घेते एक. गोळ्या घेतल्या का?”

“घेतल्या.”

“बरं, ठेवते.”

बाहेर उन्हं कलली होती. समोरच्या दुकानदारानं फळ्या लावायला घेतल्या. अप्पांनी वही पुढ्यात ओढली. काम पुरं झालं की मागच्या पुठ्ठ्याच्या आत दुकानाचा शिक्का मारायची त्यांची रीत होती. त्यांनी शिक्का शाईच्या डबीवर दाबला, हातात धरून ठेवला आणि फडक्यानं पुसून परत जागेवर ठेवला. मग पेन घेतलं आणि सावकाश लिहिलं, ‘शिलाई : चंद्रभागाबाई’.

पुढे नवऱ्याचं नाव यायला हवं होतं, मग आडनाव. अप्पा आठवू लागले. तेवीस वर्षांत त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

दोन शब्द मावतील एवढी जागा कोरी ठेवून त्यांनी पुढे लिहिलं, ‘घाटाखालची वस्ती, तालुका धारूर’, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.