इतिवृत्ताची वही

राजलक्ष्मीने घरूनच ठरवून आणलं होतं. आधी मागणीपत्र द्यायचं, आणि मग हळूच हुकमाचा एक्का टाकायचा, "मी वेंकटरावची लेक." एवढं आपल्या मराठीत म्हटलं की जयतीर्थराव विरघळणार, याची तिला खात्री होती.

आणि का विरघळू नयेत? तमिळ मुलखातल्या पापनाशमच्या भातगिरणीत ते आणि तिचे वडील एका डब्यात जेवलेले. संपाच्या वाटाघाटीत दोघं मॅनेजरच्या नाकासमोर खुशाल मराठीत खलबतं करायचे, आणि तो बिचारा तमिळ माणूस नुसता पंख्याकडे बघत बसायचा. चर्चा संपली की काय काय बोललं गेलं ते वहीतून मोठ्याने वाचायचं आणि दोन्ही बाजूंनी सही करायची, ही रीतही जयतीर्थरावांनीच घातलेली. "तोंडी वचन म्हणजे बोलाचीच कढी. अक्षर न अक्षर लिहा," असं ते सांगायचे.

आता गिरणी गेली आणि जयतीर्थराव पुढारी झाले. बसस्टँड सुधार मंडळाचे अध्यक्ष, शिवाय येत्या निवडणुकीचे उमेदवार. त्या बसस्टँडवर राजलक्ष्मीसकट एकोणीस बायका बारा वर्षं कंत्राटावर झाडू मारत होत्या. महिनाअखेर कंत्राट संपणार होतं. कायम तरी करा, नाहीतर चुलीत पाणी, अशी गत. म्हणून राजलक्ष्मी, शेंबगम आणि आणखी एक जणी सकाळीच जुन्या मराठी राजवाड्यामागच्या गल्लीत जयतीर्थरावांच्या घरी येऊन बसल्या होत्या.

मागणीपत्र त्यांनी हातात घेतलं, आणि त्याचीच घडी घालून वारा घेत तमिळमध्ये सुरू झाले. कावेरीच्या पाण्यावर त्यांचं मत होतं. दिल्लीच्या बजेटवर होतं. पोरं मोबाइलवर बिघडतात त्यावर होतं, पापनाशमला कुठली गाडी थांबावी यावरही होतं. मातृभाषेवर तर इतकं होतं की शेंबगमला जांभई आली. अहो, जगातल्या यच्चयावत प्रश्नांवर मत, फक्त हातातल्या कागदावर नाही!

"तलैवरे," शेंबगम शेवटी म्हणालीच, "आमच्या नोकरीचं?" तलैवर म्हणजे नेतेसाहेब, तिथे सगळे त्यांना तसंच म्हणत.

"माझा प्राण गेला तरी एकही बाई घरी बसणार नाही!" त्यांनी छातीवर हात ठेवला.

राजलक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सांगावंच, म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची बायको वसुमती दारात आली आणि घरातल्या मराठीत म्हणाली, "कापी किती करूं?"

"तीन. अर्धा अर्धा पेलाच दे, लवकर उठतील," जयतीर्थराव चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून म्हणाले. "मत पडेतोवर ह्यांच्या कोपराला गूळ लावायचा. एक तारखेला आपल्या सांबशिवाची माणसं येणार, ठरून गेलंय."

सांबशिव म्हणजे वसुमतीचा धाकटा भाऊ. ती तरीही कावरीबावरी झाली. "मग ह्या बायकांचं काय?"

"काय व्हायचंय? घरी बसतील."

"अहो, त्यांच्यापुढे कशाला बोलता!"

"त्यांना काय कळतं गे!"

राजलक्ष्मीचं उघडलेलं तोंड मिटलं. रागाने कान तापले. बाबा, हीच का ती तुमची भाषा? तिने पिशवीतून वही काढली आणि लिहू लागली.

"लिही, लिही!" जयतीर्थराव कौतुकाने तमिळमध्ये म्हणाले. "ही रीत कोणी घातली ठाऊक आहे का? मी!"

कॉफी आली. खरंच अर्धा अर्धा पेला होता. तिघींनी ती प्यायली.

"वाचते, तलैवरे," राजलक्ष्मी उठून उभी राहिली आणि खणखणीत तमिळमध्ये वाचू लागली. "अध्यक्ष म्हणाले, प्राण गेला तरी एकही बाई घरी बसणार नाही. नंतर अध्यक्ष पत्नीला म्हणाले, कॉफी अर्धा पेला द्या, म्हणजे लवकर उठतील. मतदानापर्यंत ह्यांना खोटी आशा दाखवायची. एक तारखेला मेहुण्याची माणसं येणार. बायका घरी बसतील. ह्यांना काय कळतं."

शेंबगमने पेला ठाणकन खाली ठेवला. वसुमतीने पदर तोंडाला लावला आणि आत पळाली. जयतीर्थरावांच्या तोंडचं पाणी पळालं, मातृभाषेवरचं मत तर कुठल्या कुठे गेलं.

"तू... कोणाची तू?" त्यांच्या तोंडून मराठीच निघाली.

"वेंकटरावची लेक. हे आणखी सोळा जणींना बसस्टँडवर वाचून दाखवायचं आहे. रीत आहे ना."

ते खुर्चीतून पुढे सरकले. आवाज इतका खाली आला की तिलाही वाकून ऐकावं लागलं. "पोरी, तेवढं खोड. वेंकटराव माझा भाऊच गे. खोड, आणि कायमची ऑर्डर आजच काढतो. एकोणीसच्या एकोणीस जणींची."

राजलक्ष्मी पुन्हा बसली. तिने तेही लिहिलं, अक्षर न अक्षर, आणि वही त्यांच्याकडे फिरवून सहीसाठी पेन पुढे केलं.