फ्रिजमधल्या बाटलीचा जळफळाट

मी इस्पितळाच्या फ्रिजमधली बाटली बोलतेय. अंगठ्याएवढी उंची, पोटात चिमूटभर पांढरी पूड. मेंदूच्या नसेत रक्ताची गुठळी अडकली की माणसाला लकवा मारतो. ती गुठळी विरघळवण्यासाठी माझा जन्म.

पण मला एक अट आहे. लकवा मारल्यापासून साडेचार तासांत आलात तरच मी तुमची. उशिरा टोचलं, तर मेंदूतच रक्तस्राव व्हायची भीती.

आणि ती जाळीबाई! बारीक तारेची जाळी ती, समोरच्या कपाटात राहते. जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळीने थेट मेंदूपर्यंत चढते आणि गुठळी पकडून बाहेर ओढते. मेंदू अजून वाचण्यासारखा आहे असं स्कॅनमध्ये दिसलं, तर तिला चोवीस तासांपर्यंत चालतं. वरातीमागून घोडं यावं, तरी ओवाळायचं त्यालाच! तिने काढलेली गुठळी कापडावर ठेवून नातेवाइकांना दाखवतात, फोटो काढतात. माझं काम कुणाच्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. माझ्या पोटात दुखतं. हो, दुखतंच!

परवा दुपारी साडेचारला कळंबोलीहून धम्मपालला आणलं. पन्नाशीचा माणूस, लोखंड बाजारात रात्रपाळीला क्रेन चालवणारा. उजवं अंग लुळं, तोंड वाकडं, शब्द फुटेना. सोबत बायको गोजरा आणि त्याची थोरली बहीण सुंदराबाई.

"शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलंत?" बतूल डॉक्टरांनी विचारलं.

गोजराने आधी नणंदेकडे पाहिलं. "दोनला. पानी दिलं तवा बोलले."

दोनला! म्हणजे अडीचच तास. डोक्याच्या पहिल्या स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही आणि सिस्टरने मला बाहेर काढलं. आधी मी, मग गरज पडली तर ती. मी कपाटाकडे बघून मनसोक्त वाकुल्या दाखवल्या.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "ताई, वेळ नक्की ना? चुकली असेल तर या औषधाने त्यांचा जीव जाऊ शकतो."

सिस्टरचा अंगठा माझ्या झाकणावर होता. गोजरा डॉक्टरांकडे वळली. गप्प बस बाई, मी मनात ओरडत होते, अगदी गप्प बस!

"थांबा मॅडम. खोटं बोलले मी." गोजरा रडायला लागली. "सकाळी सातला नाईट करून आले, तवा बोलले शेवटचं. दमलेले, म्हनून उठवलं नाय. झोपमोड नको म्हनून कुकरची शिट्टीपन होऊ दिली नाय. मीच दार लावून भाईर बसले. चारला उठवाया गेले तर…"

"साडेनऊ तास?" सुंदराबाई किंचाळली. "आनि तू दारात राखन करत बसलीस?"

"हां आक्का. तुमी हेच बोलनार म्हनून खोटं सांगितलं."

झोपेत लकवा नेमका कधी मारला ते कळत नाही, म्हणून वेळ सातपासूनच धरली आणि मला परत फ्रिजमध्ये ढकललं. दुसरा स्कॅन झाला. मेंदूचा बराचसा भाग अजून तग धरून होता, आणि कपाट उघडलं. कुणासाठी, ते सांगायला नकोच.

दुसऱ्या दिवशी सिस्टर फ्रिजपाशी कुणाला तरी सांगत होत्या. धम्मपालने उजव्या हाताने ग्लास धरला. अडखळत का होईना, बायकोला नावाने हाक मारली. गोजरा त्याच्या पायाशी बसून होती आणि सुंदराबाई तिला चहा पाजत होती. जाळीबाईचं कौतुक तर विचारूच नका.

मी रात्रंदिवस जळतेय. पण खरं सांगते, लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. झाकणावर अंगठा होता तेव्हा तो माणूस वाचावा असं माझ्या मनातही आलं नाही. आपल्याला वापरावं, एवढंच आलं. गोजराला नणंदेचा धाक होता, तरी तिने तोंड उघडलं. नाहीतर कदाचित त्याला मीच मारलं असतं.

माझी मुदत तीन महिन्यांनी संपते. मग मी कचऱ्यात जाईन. तोवर कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली, तर लिंबूपाणी देत बसू नका, झोपू देऊ नका, धावत आणा. आणि वेळ खरी सांगा. ती ऐकून माझ्याऐवजी जाळीबाईला नेलं तरी चालेल. नाही, चालणार नाही, मी जळेनच. तरी खरीच सांगा.