लांबी तीच, जाडी तीच

मी औषधांच्या प्रयोगशाळेतला कॉलम बोलतोय. बोलतोय कसला, दातओठ खातोय! गोड आत्मकथा ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

मी वीतभर लांबीची पोलादी नळी. माझ्या पोटात पिठाहून बारीक कण ठासून भरलेत आणि प्रत्येक कणावर लांबलांब तेलकट शेपट्या चिकटवल्यात. माझ्यातून औषधाचं पाणी जोरात ढकलतात. त्यातलं जे तेलकट, ते शेपट्यांत रेंगाळतं. पाण्याचं सोयरं असेल ते आधी सटकतं. जो तो आपापल्या वेळेला बाहेर पडला की कागदावर त्याचा वेगळा सुळका उमटतो.

शेजारच्या कॉलमच्या कणांवर शेपट्या नव्हत्या, अणूंची गोल कडी होती. ज्या रेणूच्या अंगात तसंच कडं, त्याला तो जास्त वेळ धरायचा. इथे रक्तदाबाची एक गोळी होते. कधीकधी तिच्यात एक घातक घाण तयार होते. तिचा तेलकटपणा औषधाइतकाच, अंगात कडं मात्र एक जास्त. ती पकडावी तर त्यानेच. मला दोघं सारखीच, मी दोघांना एकदम सोडतो.

तो बिचारा तुंबला. नवा यायला तीन आठवडे होते. मोठ्या साहेबांना तेवढा धीर कुठला!

"हा लावा," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "लांबी तीच, जाडी तीच."

वर्षानुवर्षं खुर्ची उबवूनही या गृहस्थांना नळीच्या आत काय असतं ते कळू नये! मला त्यांची किळस आली.

मला लावलं. एकच सुळका आला, सरळ, देखणा. साहेब खूश.

तपासनीस बाई म्हणाल्या, "साहेब, जुन्या कॉलमवर मागच्या बॅचमध्ये दोन दिसले होते. हा त्यांना वेगळं करतच नाही."

"दिसत नाही म्हणजे नाही! सही करा. नाहीतर उद्यापासून काचसामान धुवा. अहो, माझी आईसुद्धा हीच गोळी घेते."

बाईंनी शांतपणे आज तपासलेल्या बॅचची एक पट्टी त्यांच्यासमोर ठेवली. "मग आजपासून आईंना ही द्या. उद्या दिली म्हणून सांगा, मी लगेच सही करते."

साहेबांनी पट्टी खिशात घातली. मला तर हसूच फुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंपुढचे कागद ओढून घेतले. स्वतःच सही ठोकली, माल गाडीत चढला. बाई आता मोरीपाशी बाटल्या घासतात.

माझी दोन्ही तोंडं बुचं लावून बंद केलीत, वर 'उत्तम' अशी चिठ्ठी डकवलीय. लोकहो, निदान ती चिठ्ठी तरी फाडा! मला साहेबांच्याच खणात टाकलंय. इथे माझ्या शेजारी ती पट्टी पडलीय. मी मोजल्या. दहाच्या दहा गोळ्या आहेत.