आठ वाव लांबीचा पडाव

माझ्या नवऱ्याला, थाविनला, खरी बोट सांभाळता आली नाही म्हणून तो खोट्या बनवत बसतो, असं त्याच्या थोरल्या बहीण पी छलुआय, म्हणजे छलुआयताई, म्हणतात. हे त्या नेमकं आमच्याकडे जेवताना म्हणतात, आणि वर माशाचं कालवण दुसऱ्यांदा वाढून घेतात.

त्यात अर्धं खरं आहे. ही दोघं भावंडं भाताच्या पडावावर जन्मली. सागवानी पडाव, गोल पोटाचा, वर पानांच्या चटयांचं वाकवलेलं छप्पर. मधे भात आणि मागच्या टोकाला आजी धरून पाच माणसांचा संसार. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, वडील गेले आणि थाविनने पडाव विकून टाकला. पी तेव्हा सासरी होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना कळलं तोवर पडावाच्या फळ्या कुठल्याशा हॉटेलच्या जमिनीला ठोकून झाल्या होत्या. याला चाळीस वर्षं झाली. त्यावरून भांडण असं कधी झालंच नाही. त्या टोमणे मारतात आणि हा मान खाली घालून जेवतो. मला विचाराल तर एकदाच कडाडून भांडले असते तर बरं झालं असतं.

थाविन तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवत होता. निवृत्त झाल्यापासून तो आमच्या कालव्यातल्या जुन्या बोटींच्या छोट्या प्रतिकृती करतो. भाजीची होडी, नूडलवाल्याची होडी, भिक्खूंची एकट्याने वल्हवायची होडी. सगळ्या विसास एक मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या विसाव्या भागाएवढ्या. बाहुल्या, चुली, रांजण मी मातीचे करते, कारण माझं माहेर कुंभाराचं.

मागच्या वर्षी विहाराच्या लुआंगफोंनी, म्हणजे थोरल्या भिक्खूंनी, त्याला बोलावलं. विहारात बोटींचं दालन होणार होतं, पावसाळ्यातला वर्षावास संपल्यावर, भिक्खूंना वस्त्रं देतात त्या चीवरदानाच्या दिवशी उघडणार होतं. "बाकीच्या असू देत," लुआंगफो म्हणाले, "तुझ्या घरचा पडाव मला मधोमध हवा."

थाविन घरी आला तो विहिरीत पाय घसरल्यासारखा चेहरा करून. म्हणाला, "करीन. पण आधी पीला दाखवीन. ती 'हा आपला' म्हणाली तरच देईन. नाहीतर नाही."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर नाही."

वडिलांची वही होती, तिच्यात पडावाची सगळी मापं होती. आठ वाव लांब, दोन वाव रुंद, छप्पर इतके हात, सुकाणू इतक्या विती. थाविन दहा महिने त्या वहीवर डोकं ठेवून जगला. मी पाच बाहुल्या केल्या. सासऱ्यांना आदरानं जरा उंच केलं.

चीवरदानाला तीन आठवडे उरले तेव्हा पी आल्या. चप्पल काढली, पाणी प्यायल्या, आणि पडावापुढे मांडी घालून बसल्या. जवळजवळ दोन हात लांबीचा पडाव, चकचकीत, एकेक फळी जोडलेली. त्यांनी छप्पर उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. थाविन दारात उभा, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा.

"सुरेख आहे," पी म्हणाल्या. "कुणाचा आहे?"

"आपला, पी."

"आपला नाही. हा कुणा श्रीमंताचा असेल. इथं चूल, तिथं चटई, आणि मधून हत्ती जाईल एवढी वाट. आपल्यात आई मासे तळायची तेव्हा तेल माझ्या पायावर उडायचं. झोपले की डोकं एका भिंतीला, पाय तुझ्या बरगडीला." त्यांनी छप्पर हळूच परत ठेवलं. "तू विसरलास. विकलेली वस्तू माणूस विसरतोच."

आणि त्या न जेवता गेल्या. पी न जेवता गेल्या म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

थाविनने पडावावर फडकं टाकलं. दोन दिवस तो चटईवरून उठला नाही. तिसऱ्या दिवशी मला राग आला. मला पीचा राग आला, थाविनचा आला आणि स्वतःचाही, कारण माझ्या चुली आणि बाहुल्या तिथं खरंच हरवल्यासारख्या दिसत होत्या. मी वही उघडली.

"आठ वाव म्हणजे किती?"

"सोळा मीटर," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "एक वाव म्हणजे दोन मीटर. पहिलीतल्या पोरालाही येतं."

"ते शाळेत. वडिलांनी पडाव शाळेत बांधला का?"

तो वळला.

आमच्याकडे जुने कारागीर बोट मालकाच्या अंगानं मोजायचे. मालकाने दोन्ही हात पसरायचे, ती त्या बोटीची वाव. त्याचाच हात, त्याचीच वीत. बोट मालकाला लाभावी म्हणून. हे थाविनला माहीत नव्हतं असं नाही. पण तीस वर्षं फळ्यावर 'एक वाव बरोबर दोन मीटर' लिहून लिहून त्याच्या डोक्यातले वडीलसुद्धा दोन मीटरचे झाले होते.

"वडील केवढे होते रे?"

"ठेंगणे," तो म्हणाला. "सुकाणूपाशी पायाखाली पाट घेऊन उभे राहायचे." आणि मग कपाळावर हात मारून घेतला.

पण किती ठेंगणे? तो स्वतः आईवर गेलेला, ताडमाड. बापाचा साचा एकीनेच घेतला होता. मी मोजपट्टी कमरेला खोचली आणि कालव्यापलीकडे गेले.

पी मिरच्या कुटत होत्या.

"पी, जरा उभ्या राहा. हात पसरा."

"का? माझं माप कशाला? अजून मेले नाही मी."

"पेटी करायला नाही आले. पसरा तर."

"चुअन, तुला थाविनने पाठवलंय?"

"त्याला कळलं तर लाजून मरेल. तुमचे वडील हात पसरायचे तसे पसरा."

त्यांनी मुसळ ठेवलं, मिरचीचे हात लुंगीला पुसले आणि पसरले. बरोबर दीड मीटर. मी सगळं सांगितलं. पी हात तसेच पसरून उभ्या राहिल्या.

घरी थाविन रडवेला झाला. "म्हणजे पडाव पाऊणपट. दहा महिन्यांचं काम कापू? तीन आठवड्यांत?"

"करवत ठेव खाली," मी म्हटलं. "पडाव कशाला लहान करतोस? माणसं मोठी करू."

तो हिशोब करत बसला. पडाव विसास एक नव्हताच. वडिलांच्या वावेनं तो पंधरास एक निघाला. पडावाची फळीही हलवायची नव्हती. चूक फक्त माझ्या बाहुल्यांची होती, हे त्याने मला दिवसातून चारदा ऐकवलं, आणि इतकं आनंदानं ऐकवलं की मी एकदाही उत्तर दिलं नाही. मी नवी चूल केली, नवे रांजण, नवी पाच माणसं. दुसऱ्या दिवसापासून पी रोज सकाळी येऊन बसायला लागल्या. "रांजण अजून इकडे. आईचं पोट थोडं पुढे, तुझ्या जन्मानंतर सुटलं होतं ना. बापाला उंच नको करूस, चुअन, त्याला खपायचं नाही." दोघं चटईवरून भांडायची, चुलीच्या बाजूवरून भांडायची. चाळीस वर्षांची उधारी फेडल्यासारखी भांडायची. मला इतकं बरं वाटलं की दोन वेळा कालवण करपलं.

चीवरदानाच्या दिवशी लुआंगफोंनी दालन उघडलं. गर्दीत पी पुढे झाल्या, छप्पर उचलून थाविनच्या हातात दिलं आणि मातीच्या पोरीला चटईवर आडवं ठेवलं. डोकं भिंतीला टेकलं. पाय नेमके भावाच्या बरगडीला.

"हा आपला," त्या म्हणाल्या.

थाविनला हसू आवरेना आणि डोळेही पुसता येईनात, कारण दोन्ही हातांत छप्पर होतं.

पी त्याच्याकडे वळल्या. "आता हा विकायचा झाला तर आधी मला विचार."

"विचारीन, पी," तो म्हणाला.

"आणि मी नाही म्हणेन."