बाबांचा डावा डोळा

जुन्या नकाशांवर माणसांचे चेहरे काढणाऱ्या चित्रकाराशी मला लग्न करायचं होतं आणि माझे बाबा निवृत्त नकाशाकार. आयुष्यभर त्यांनी कचेरीत बसून नद्या आणि डोंगर काढले. नकाशावर कुणी नाक काढतो हे ऐकून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असला जावई मी मेलो तरी करणार नाही, म्हणाले.

आमचा चित्रकार मात्र हट्टाला पेटलेला. त्याने रद्दीतून बाबांनीच काढलेल्या एका नकाशाची छापील प्रत शोधली आणि तिच्यावर चक्क बाबांनाच काढलं. डोंगराच्या रेघा कपाळावरच्या आठ्यांत बसवल्या, रेल्वेचा रूळ मिशीत घातला आणि एक गोल तळं बरोबर डाव्या डोळ्यात. मला तर अभिमानाने रडूच आलं. आता बाबा हो म्हणणार याची खात्रीच होती. आईने खिळासुद्धा ठोकून ठेवला.

चित्रकाराने चित्र आणून समोर ठेवलं, तसं बाबांनी भिंग लावलं. चेहऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही; तळ्यापाशी थांबले आणि पांढरेफटक पडले. आईला वाटलं, गहिवरले. ती पाणी आणायला आत पळाली, तसं बाबांनी दार लोटलं.

"हे तळं नाही," ते हळूच म्हणाले. "चहाचा डाग आहे."

नोकरीच्या पहिल्याच वर्षी मूळ नकाशावर कप टेकवला होता म्हणे. साहेब यायच्या आत घाईघाईने त्या गोलात निळा रंग भरला. नकाशा तसाच छापून गेला आणि पुढे कित्येक वर्षं लोक गळ घेऊन तिथे मासे पकडायला जात राहिले. आता तेच तळं भिंतीवर लागणार आणि कचेरीतले जुने सोबती आमच्याकडे दर आठवड्याला पत्ते खेळायला येतात.

झालं माझं लग्न, मी मनात म्हटलं. चित्रकाराने पिशवीतून ब्रश काढला आणि तळ्यावर एक जाड पापणी ओढली. तळं गेलं. बाबांनी भिंगातून दोनदा तपासलं.

"मुलगा कामाचा आहे," ते मला म्हणाले. "तारीख काढा."

तेवढ्यात आई पाणी घेऊन आली. तिने चित्र निरखून पाहिलं.

"अहो, इतक्या वर्षांत मला कधी डोळा मारला नाहीत आणि आता भिंतीवरून आल्यागेल्याला मारणार?"

खरं सांगायची सोय नव्हती. बाबांनी थोडा विचार केला आणि तिच्याकडे बघून खरोखरच डोळा मारला. सवय नसल्यामुळे दोन्ही मिटले.