सात, तेरा

दवाखान्याच्या बाकावर बसून मी सहावीचे पेपर तपासत होते. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. आत माझा धाकटा भाऊ यंत्रावर श्वास घेत होता, आणि हात रिकामे ठेवले असते तर मी तिथंच हंबरडा फोडला असता. त्याचा मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सकाळी दोनदा समजावून सांगितलं. मी मान डोलावली, पण एक अक्षर आत शिरू दिलं नाही.

प्रश्न होता, एक्क्याण्णवचे मूळ अवयव पाडा. अवयव पडतच नाहीत, असं निम्म्या वर्गानं ठोकून दिलं होतं. इतक्यात पांढऱ्या कोटातली एक मुलगी शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "ताई, अवयवांबद्दल बोलायचं होतं."

मान वर न करता मी म्हणाले, "सातानं भाग द्या. जातो."

तिच्या हातातल्या फॉर्मकडे माझं लक्ष गेलं. वर 'अवयवदान' असं छापलं होतं.

भाऊ प्लंबर. परवा कामावर शिडीवरून पडला. कुठलाही पाइप कशालाही जोडून दाखवायचा, गणितात मात्र अगदी ढ. आईवडील गेल्यावर मीच त्याला शिकवलं, कान पिळून. अवयव बरोबर पाडायचा, पण मधे गुणिलेचं चिन्ह म्हणून कधी द्यायचा नाही. सात, स्वल्पविराम, तेरा. मी खेकसायचे, "अरे शहाण्या, गुणिले कुठंय? त्याशिवाय संख्या परत कशी मिळणार?" तो नुसता हसायचा.

त्या मुलीनं घाई केली नाही. नाही म्हटलंत तरी कोणी बोल लावणार नाही, म्हणाली. किती जणांना उपयोग होईल, मी विचारलं. सहा, म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला त्या सहा जणांचा रागच आला. मला माझा एकच हवा होता.

आत जाऊन त्याचा हात धरून बसले. हात उबदार होता, पण माझा हात ओळखत नव्हता. बाहेर येऊन मी तिच्याकडून फॉर्म घेतला. लाल पेन चालणार नाही म्हणून तिनं स्वतःचं निळं दिलं.

अवयवांची नावं आपल्या हातानं लिहायची होती. हृदय, यकृत, दोन्ही मूत्रपिंडं, दोन्ही डोळे. लिहून झाल्यावर सवयीनं परत तपासलं. सगळीकडे स्वल्पविराम होते. गुणिलेचं चिन्ह आता कुठंच देता येणार नव्हतं.

याच चुकीसाठी मी त्याचा कान पिळायचे. या वेळी बरोबर धरलं आणि खाली सही केली.